काष्ठज छत्राकांची परीक्षा

सुश्रुतसंहितेत छत्राकांचे भेद पेंढा, ऊस, शेण, वेळू व भूमी या उत्पत्तिस्थानांवरून केले आहेत. भावप्रकाशात काष्ठाचाही निर्देश आहे. परंतु पावसाळ्यात पिंगळी परिसरातील कुजक्या ओंडक्यावरचे छत्राक समोर आल्यास एवढ्यावर निर्णय करू नये. परीक्षेचा क्रम असा :

१. अधोभाग : छत्राखाली पापुद्र्यांसारखी पटले असावीत. औषधी फणसअळंबे कठीण असते व त्याखाली सूक्ष्म छिद्रे असतात. ते या वर्गातील नव्हे.

२. पटले : धिंगरीत ती देठावर उतरतात, लेंटिनसमध्ये कडा करवतीसारख्या असतात, शिझोफायलमच्या लवयुक्त, पंख्यासारख्या छत्राखाली ती उभी दुभंगलेली दिसतात.

३. देठ : मध्यभागी की कडेला, वलययुक्त की वलयरहित, हे पाहावे.

४. बीजाणूंचा ठसा : पटले खाली करून छत्र कागदावर रात्रभर झाकून ठेवावे. धिंगरीचा ठसा पांढरा ते फिकट जांभळट उमटतो. घातक गॅलेरिनाचा तपकिरी.

मात्र पांढरा ठसा हे निर्विषतेचे प्रमाण नव्हे. काष्ठज ऑम्फॅलोटसचा ठसाही पांढराच, तरी ते विषारी आहे.

गॅलेरिनातील विष शिजवूनही नष्ट होत नाही. वमन-अतिसार बहुधा ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मध्ये बरे वाटते आणि त्याच काळात यकृताचा नाश होत असतो. म्हणून अशा रुग्णास उपशयाची वाट न पाहता, उरलेल्या नमुन्यासह तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. औषधालयानेही अनिश्चित छत्राक स्वीकारू नये.