दांडपट्टा, विटा आणि फासे : टेबलटॉप खेळासाठी स्वतःची शस्त्रं कशी बनवायची, कशी विकायची?



"भांडवल थोडं आहे, गाव सोडायचं नाही, घरी बसून बाहेरच्या देशात विकता येईल असं काही सांगा." नांदेड-लातूरकडच्या नवउद्योजकांचा हा हमखास प्रश्न. आज एका अगदी छोट्या, पण खऱ्या बाजाराबद्दल बोलू. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांसाठी शस्त्रं तयार करणं.

घाबरू नका, भट्टी लावायची नाहीये. लोखंडाची तलवार बनवून विकायची म्हटलं की १९५९ चा शस्त्र कायदा आणि परवाने आले. आपली शस्त्रं कागदावरची आहेत. एक चित्र, थोडी माहिती आणि खेळाचे नियम असं पान तयार करायचं आणि पीडीएफ विकायची. कच्चा माल म्हणजे तुमचं डोकं.

हा खेळ काय आहे?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. थोडक्यात, संहिता नसलेलं नाटक. पात्राचा वार लागला का, हे फासे ठरवतात.

यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. आज तो विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहे, आणि ही कंपनी हॅस्ब्रोच्या मालकीची आहे.

वाराचा हिशोब सोपा आहे. आधी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राची ताकद-कौशल्य मिळवायचं. बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. मग शस्त्राचा फासा टाकून इजा ठरवायची. खंजिराला चार बाजूंचा फासा, भाल्याला सहा बाजूंचा, लांब तलवारीला आठ बाजूंचा.

मग आपल्याला यात जागा कुठे?

या खेळाच्या मूळ पुस्तकात युरोपातली शस्त्रं भरपूर आहेत. दांडपट्टा नाही, विटा नाही, बिचवा नाही, वाघनख नाही. ही शस्त्रं आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. बाहेरच्या खेळाडूसाठी ती नवी आहेत.

भारतीय वातावरणाच्या गोष्टी तिथे चालतात का? खुद्द विझार्ड्सने २०२२ साली "जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल" हा साहसकथांचा संग्रह काढला. त्यात कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांची बंगालच्या मातीतली कथा आहे. म्हणजे दार उघडं आहे. पण आत जाऊन काय मांडायचं, तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

पहिली चूक : "आपलं शस्त्र सगळ्यात भारी"

नवा माणूस दांडपट्टा बनवायला बसला की अभिमानाने लिहितो : सहा बाजूंचे दोन फासे इजा, दहा फुटांपर्यंत पोच, शिवाय दुसरा हात मोकळा.

आता याचा ताळेबंद मांडू. फाशाची सरासरी अशी काढतात : चार बाजूंचा २.५, सहा बाजूंचा ३.५, आठ बाजूंचा ४.५, दहा बाजूंचा ५.५. खेळातली मोठी दोनहाती तलवार सहा बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी ७ इजा करते. पण तिला दोन्ही हात लागतात आणि ती जवळच्यालाच लागते. ग्लेव नावाचं लांब दांड्याचं पातं दहा फुटांपर्यंत पोचतं, पण त्याची सरासरी ५.५ आहे आणि दोन हात लागतातच. म्हणजे लांब पोच हवी तर दीड इजा सोडायची, हा खेळाचा बाजारभाव आहे.

आपल्या हौशी दांडपट्ट्याने मात्र ७ इजाही घेतली, पोचही घेतली आणि हातही मोकळा ठेवला. असं शस्त्र टेबलावर आलं की बाकीच्यांची शस्त्रं निकामी होतात. गेम मास्टर एका दिवसात त्यावर बंदी घालतो. ज्याने पैसे देऊन पीडीएफ घेतली, तो तुमचं दुसरं काहीही घेत नाही.

एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : गिऱ्हाईक जास्त इजा विकत घेत नाही, तो खेळताना एक नवा पर्याय विकत घेतो. आणि प्रत्येक फायद्याची किंमत त्याच शस्त्रात कुठेतरी चुकती झालेली असली पाहिजे.

शस्त्र बनवायच्या चार पायऱ्या

१. खरं शस्त्र नीट समजून घ्या. दांडपट्ट्याचं पातं लांब, सरळ आणि लवचिक असतं. मूठ पोलादी खोबणीत असते आणि ती खोबण मनगटाच्या वर हात झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही, अख्ख्या हाताने फिरवावं लागतं. नियम यातूनच निघतात. शस्त्र हातातून सहज पडणार नाही, हा फायदा. त्या हाताने दुसरं काहीच करता येणार नाही, हा तोटा.

अभ्यासाला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. विल्ब्रहॅम एगर्टन यांचं भारतीय शस्त्रांवरचं १८८० सालचं सचित्र पुस्तकही आहे. ते इतकं जुनं आहे की त्यावर आता कुणाचा कॉपीराइट नाही.

२. खेळातला जवळचा भाऊ शोधा. कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. दांडपट्ट्याच्या जवळ रेपिअर येते, आठ बाजूंचा फासा, चपळाईवर चालणारी, किंमत २५ सोन्याची नाणी. विट्याच्या जवळ भाला येतो. तो पाया धरा.

३. एक द्या, एक घ्या. दांडपट्टा गर्दीत कामाचा, म्हणून असा नियम करू :

*दांडपट्टा. सहा बाजूंचा एक फासा, कापणारी इजा. चपळाईने वापरता येतो. वार लागला तर पाच फुटांतल्या दुसऱ्या एका शत्रूला २ इजा, फेरीतून एकदाच. हातातून हिसकावता येत नाही. तो हात मोकळा धरला जात नाही. घालायला किंवा काढायला एक पूर्ण कृती लागते.*

आता रेपिअरशी तुलना करा. सरासरी ४.५ वरून ३.५ झाली, म्हणजे लागलेल्या प्रत्येक वाराला १ इजा सोडली. एकटा शत्रू समोर असेल तर हे शस्त्र कमी पडतं. दोघांनी घेरलं तर फेरीत २ इजा परत मिळते. एका फेरीत दोन वार करणाऱ्याचा हिशोब जवळपास बरोबरीत येतो. म्हणजे खेळाडूला विचार करावा लागतो, आत्ता कोणतं शस्त्र काढू? हाच तो नवा पर्याय.

४. चाचणी घ्या. लातूर पॅटर्नवाल्यांना हे समजावायची गरज नाही, सराव परीक्षेशिवाय पेपरला बसायचं नाही. पहिल्या, पाचव्या आणि अकराव्या पातळीच्या पात्रांना तीन-तीन लढाया खेळू द्या. एक लढाई एकट्या राक्षसाशी, एक टोळीशी, एक दूरच्या तिरंदाजांशी. प्रत्येक फेरीची इजा वहीत लिहा. आणि शस्त्र पळवाटा शोधणाऱ्या मित्राच्या हातात द्या. तुम्हाला न दिसलेलं भोक त्याला दहा मिनिटांत दिसतं.

विट्याचं उदाहरण : नियम बदलला की माल बदलतो

विटा म्हणजे दोरी बांधलेला मराठ्यांचा भाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. खेळातला साधा भाला वीस फुटांपर्यंत नीट आणि साठ फुटांपर्यंत अडखळत फेकता येतो, दोन हातांनी धरला तर इजाही वाढते. विट्यात आपण या दोन्ही सवलती काढू : पल्ला फक्त वीस फूट, दोनहाती वाढ नाही. बदल्यात फेकल्यावर तो लगेच हातात परत येतो. शिवाय शत्रूने दोरी धरली तर दोघांत ताकदीची रस्सीखेच.

२०१४ च्या नियमांत फेरीत एकच शस्त्र फुकटात काढता येतं. त्यामुळे पाचव्या पातळीचा, दोन वार करणारा भालाफेक्या लवकरच अडतो. विटा त्याची अडचण सोडवतो, म्हणजे हा फायदा मोठा आहे. २०२४ च्या नव्या नियमांत मात्र प्रत्येक वारासोबत एक शस्त्र काढता येतं. तिथे विट्याचा फायदा एवढाच उरतो की पाठीवर सहा भाले वाहावे लागत नाहीत. नव्या नियमांत प्रत्येक शस्त्राला "मास्टरी" नावाचा जादा गुणही आहे, तोही ठरवावा लागतो. म्हणून पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा, शस्त्र कोणत्या नियमांसाठी आहे.

परवाना : इथे आळस नको

जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स जुना मुक्त परवाना बदलणार अशी बातमी फुटली आणि जगभरातले छोटे प्रकाशक खवळले. महिनाअखेरीस कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुला केला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा ५.२ संचही तसाच आला.

याचा अर्थ : या संचातले नियम वापरून तुम्ही धंदा करू शकता, रॉयल्टी द्यावी लागत नाही. अट एक, त्यात दिलेला श्रेयाचा मजकूर तुमच्या पीडीएफमध्ये छापायचा. पण खेळाचा लोगो लावायचा नाही, आणि या संचात नसलेली, फक्त विकतच्या पुस्तकांतली पात्रं-ठिकाणं घ्यायची नाहीत. "फिफ्थ एडिशनशी सुसंगत" एवढं लिहिता येतं. चित्रकाराकडून व्यावसायिक वापराची परवानगी लेखी घ्या. मित्र असला तरी.

काय विकायचं नाही

आपण नांदेडचे आहोत, म्हणून हे वेगळं सांगतो. इथे शस्त्र म्हणजे फक्त इतिहास नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये शस्त्रं श्रद्धेने जपली जातात, दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल मिरवणूक निघते. आपल्या घरीही खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. गुरूंची शस्त्रं, कृपाण, देवीच्या हातातली आयुधं, शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी शस्त्रं यांना इजेचे आकडे लावून यादीत टाकू नका. "वाघनख" हा शस्त्रप्रकार घ्या, कुणाच्या पूज्य वस्तूला हात लावू नका. पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान यात होतं.

गोष्टीची पार्श्वभूमी हवी तर उदगीर, औसा, कंधारचे किल्ले आहेतच. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते उदगीरलाच. तो भुईकोट, ते बुरूज पाहून काल्पनिक किल्ला आणि काल्पनिक सरदार उभा करा.

पैशाचा हिशोब

तीन ठिकाणं धरा. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर विक्रीच्या ६५ टक्के तुम्हाला मिळतात, फक्त तिथेच विकलं तर ७० टक्के. डीएम्स गिल्डवर ५० टक्के. तिथे कंपनीचं जग वापरायला मिळतं, पण तो माल दुसरीकडे विकता येत नाही. इच डॉट आयओवर वाटा तुम्ही ठरवता, न बदलल्यास ते १० टक्के ठेवतात. पेमेंटचा खर्च वेगळा.

समजा पीडीएफची किंमत ३ डॉलर. ड्राइव्हथ्रूवर एका प्रतीला १.९५ डॉलर हाती येतात. चित्रांवर १५० डॉलर खर्च केलेत तर ७७ प्रती विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. तुमची मेहनत त्यानंतर सुटू लागते. म्हणून पहिल्यांदाच पन्नास शस्त्रांचा रंगीत ग्रंथ काढू नका, छापील बॉक्सच्या नादाला तर मुळीच लागू नका. सहा शस्त्रं, सहा साधी रेखाचित्रं, आठ पानं. मुख्य गिऱ्हाईक इंग्रजी वाचणारं आहे, म्हणून माल इंग्रजीत करा आणि नावं मराठीच ठेवा, उच्चारासकट. आलेल्या प्रत्येक पेमेंटची नोंद ठेवा आणि जीएसटी-आयकराचं सीएला विचारा.

आणि हो, याच्या भरवशावर चालू नोकरी-दुकान सोडू नका. हा रविवारचा जोडधंदा आहे. पहिल्या सहा शस्त्रांवर चांगले अभिप्राय आले तर दुसरा संच काढा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एसआरडी ५.१ मोफत उतरवून घ्या आणि शस्त्रांचा तक्ता वहीत उतरवा.
२. बिचवा, गुर्ज, कट्यार यांपैकी एक निवडा. त्याचा खेळातला जवळचा भाऊ शोधा.
३. एक फायदा द्या, एक तोटा लावा, सरासरी काढा.
४. चार मित्र जमवून तीन लढाया खेळा आणि आकडे लिहा.

आकडे जमले नाहीत तर शस्त्र बदला, पुन्हा खेळा. विक्रीचं पान त्यानंतर उघडायचं. पुढच्या व्हिडिओत त्या पानावरचं वर्णन कसं लिहायचं ते पाहू. तोपर्यंत कामाला लागा!