आडवाटेचे अवशेष व त्यांच्या दर्शनाचा निर्णय

वेरूळ, अजिंठा, कार्लें किंवा शिवनेरी पाहावी कीं नाहीं, असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्या स्थळांची कीर्ति मोठी असून तेथें जाण्याची सोयहि आहे. प्रश्न उत्पन्न होतो तो त्यांच्या आसपास आडवाटेस पडलेल्या लहान अवशेषांविषयीं. हातीं एकच दिवस अधिक असतां तो मुख्य स्थळींच घालवावा, कीं वाट वांकडी करून अप्रसिद्ध स्थळ गांठावें? प्रवासाच्या पत्रकांत याचें एकच उत्तर आढळतें. तें म्हणजे ‘अवश्य पाहावें’. परंतु जें उत्तर सर्व स्थळांना सारखेंच लागू करण्यांत येतें, तें निर्णयाच्या कामीं निरुपयोगी होय. शिवाय त्यापासून प्रत्यक्ष हानि होते. भलत्या अपेक्षेनें गेलेला मनुष्य ‘चार दगड पाहिले’ असें म्हणत परततो, व पुढें खरोखर पाहण्याजोग्या स्थळाविषयीं सांगितलें तरी त्यास तें खरें वाटत नाहीं. ज्या अवशेषांस यात्रा नाहीं व उत्पन्न नाहीं, त्यांस जाणत्या प्रेक्षकावांचून दुसरा वाली नसतो. तो प्रेक्षक असा गमावणें इतिहासाच्या अभ्यासकांस परवडणारें नाहीं.

याकरितां कांहीं कसोटी हवी. ती नव्यानें शोधण्याचें कारण नाहीं. शास्त्रग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट करण्याची आपल्याकडे जुनी पद्धति आहे. तिलाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ वाचावा कीं नाहीं हें वाचकानें आधींच ठरवावें, हाच तिचा हेतु. तीच पद्धति अवशेषांस लावावी. विषय म्हणजे त्या जागीं आज प्रत्यक्ष काय उरलें आहे. प्रयोजन म्हणजे तें पाहून कोणतें नवें ज्ञान होतें. संबंध म्हणजे ज्या मुख्य स्थळासाठीं आपण निघालों त्याशीं याचें नातें काय. आणि अधिकारी म्हणजे तें पाहण्यास लागणारी पूर्वतयारी व शरीरसामर्थ्य कोणापाशीं आहे. पुढील चार उदाहरणांवरून ही कसोटी कशी चालते तें दिसून येईल. चारहि ठिकाणें अशीं घेतलीं आहेत कीं, त्यांच्या जवळपास हजारों लोक दुसऱ्या निमित्तानें येतच असतात.

पहिलें उदाहरण मावळांतील बेडशाचें. कार्ल्यास एकवीरेच्या दर्शनास व चैत्यगृह पाहण्यास जाणारे पुष्कळ. त्यांपैकीं पवनेच्या खोऱ्याकडे वळणारे फारच थोडे. बेडशास सुमारें चारशें पायऱ्या चढून गेल्यावर एक चैत्यगृह, एक विहार व पाण्याचीं कांहीं टांकीं लागतात. संख्या अल्प खरी, पण जें आहे तें मूळ जागीं व बऱ्याच अंशीं शाबूत आहे. दर्शनीचा खडक पुरता न फोडतां मधून अरुंद वाट काढलेली असल्यामुळें चैत्यगृहाची ओसरी एकाएकीं समोर येते. तींतील चार उंच स्तंभांच्या घंटाकृति शीर्षांवर जनावरांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषांचीं युग्में कोरलेलीं आहेत. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब. त्याच्या भव्यतेची बरोबरी बेडसें करूं शकत नाहीं. परंतु कार्ल्याच्या आंतील स्तंभांवर जी कल्पना परिपक्व झालेली दिसते, तिची आधींची अवस्था बेडशाच्या ओसरींत सांपडते. विहाराचें तर विशेषच आहे. तो चौकोनी नसून चैत्यगृहाप्रमाणें मागच्या बाजूस अर्धवर्तुळाकार व वर कमानदार छताचा आहे. असा विहार कार्ल्यास नाहीं व भाज्यासहि नाहीं.

येथील लेखहि लहान पण बोलके आहेत. एकांत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचें दान नमूद आहे. टांक्यावरील दुसऱ्या लेखांत एका महाभोजाच्या कन्येचें दान असून ती स्वतःस महारठिनी म्हणविते. महाभोज व महारठी हीं दोन अधिकारी कुळें विवाहानें जोडलीं गेलीं होतीं, ही गोष्ट अशा लहानशा लेखावरून कळते. तात्पर्य, विषय, प्रयोजन व संबंध या तिहींत बेडसें उतरतें, व अधिकाराची अट म्हणजे केवळ पायऱ्या चढण्याची शक्ति. लेण्यांचें तोंड पूर्वेस असल्यामुळें सकाळीं जावें. कार्लें पाहिलेल्यानें बेडशासाठीं अर्धा दिवस द्यावा, असें निःशंकपणें सांगतां येतें.

दुसरें उदाहरण नाणेघाटाचें. जुन्नरास शिवनेरीसाठीं येणाऱ्यांना हा घाट पश्चिमेस सुमारें तीस किलोमीटरांवर पडतो. येथें शिल्पाची अपेक्षा धरून जाणारा निराश होईल. घाटमाथ्याशीं असलेलें लेणें म्हणजे एक साधी खोली. मागील भिंतीवर सातवाहन राजकुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आज जवळजवळ नष्ट झाल्या असून सिमुक सातवाहन, राणी नायनिका, श्रीसातकर्णि इत्यादि नांवांवरून त्यांची ओळख पटते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत कोरलेला मोठा प्राकृत लेख आहे. १८२८ सालीं कर्नल साइक्स यानें या लेखाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पुढें भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं त्याचें वाचन केलें.

या लेखाचें महत्त्व संस्कृताच्या अभ्यासकास विशेष वाटावें असें आहे. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, अन्वारंभणीय, आप्तोर्याम इत्यादि श्रौत यज्ञ आपण सूत्रग्रंथांतून वाचतों. ते प्रत्यक्ष कोणीं केले व किती दक्षिणा दिली, याचा हिशेब येथें प्राकृताच्या वेषांत मांडलेला आहे. अग्न्याधेयास बारा गाई व एक घोडा, अन्यत्र १,७०० गाई व १० हत्ती, एके ठिकाणीं ११,००० गाई व १,००० घोडे, असे आंकडे लेखांत येतात. हे आंकडे अंकचिन्हांनींहि दिलेले असल्यामुळें भारतीय अंकांच्या इतिहासांत या भिंतींस मोठें मोल आहे. शून्याचें चिन्ह त्यांत नाहीं. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हें आहेत.

आतां कोणी म्हणेल कीं, लेखाचा ठसा व वाचन छापलेलें असतां तेथवर जाण्याची काय गरज? त्याचें उत्तर स्थानांत आहे. घाटाच्या तोंडाशीं उभें राहिलें असतां एकीकडे कोंकण खालीं पसरलेलें दिसतें व दुसरीकडे जुन्नरची वाट. कल्याण-सोपाऱ्याचा माल देशावर याच वाटेनें चढे. जो जो व्यापारी हा घाट चढला असेल, त्यास राजकुळाचें वैभव व यज्ञ यांची वार्ता या खोलीनेंच सांगितली. हा लेख राजवाड्यांत नसून हमरस्त्यावर कां, हें पुस्तकावरून कळत नाहीं. तेथें उभें राहिल्यावर कळतें. जवळच असलेल्या मोठ्या दगडी रांजणास लोक जकातीचा रांजण म्हणतात. ही समजूत लोकपरंपरेची म्हणून ऐकावी. लेखांत तसा उल्लेख नाहीं. सारांश, नाणेघाटास विषय थोडा, प्रयोजन मोठें, पण अधिकार कडक. महामहोपाध्याय मिराशी यांनीं सातवाहनांचे लेख मराठींत दिले आहेत. ते घरीं वाचून गेला तर मनुष्य भरून परततो. न वाचतां गेला, तर त्यास झिजलेल्या रेघा व पावसाळ्यांत धुकें एवढेंच दिसेल.

तिसरें उदाहरण पितळखोऱ्याचें. वेरूळास घृष्णेश्वर व कैलास पाहण्यास गेलेल्यास कन्नडच्या बाजूस सुमारें चाळीस किलोमीटर गेल्यावर गौताळ्याच्या डोंगरांत हीं लेणीं लागतात. येथें चढण्याऐवजीं दरींत उतरावें लागतें, म्हणजे थकलेल्या पायांनीं चढ परतीच्या वेळीं येतो. वृद्धांनीं हें आधींच ध्यानीं घ्यावें. खडक ठिसूळ असल्यामुळें दर्शनी भाग बराच कोसळला आहे. तरीहि विहाराच्या जोत्यावरील हत्तींची रांग व दाराशीं असलेले द्वारपाल यांचें सामर्थ्य आजहि जाणवतें. पैठणच्या गांधिक कुळांतील मितदेव व राजवैद्य मगिल यांच्या कुटुंबाचीं दानें येथील लेखांत आहेत. म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी व राजाचा वैद्य हे दोघेहि येथें दाते म्हणून भेटतात.

परंतु विषयाच्या बाबतींत सावध राहिलें पाहिजे. १९५० नंतरच्या दशकांत म. न. देशपांडे यांनीं येथें केलेल्या सफाईंत सांपडलेली सुप्रसिद्ध यक्षमूर्ति आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. कान्हदास नांवाच्या सोनारानें ती घडविल्याचें तिच्या हातावरील लेखांत म्हटलें आहे. सोनारानें दगड कोरावा, ही कलेच्या इतिहासांत फार मोलाची माहिती आहे; पण त्या मूर्तीसाठींच निघणाऱ्यानें दिल्लीचें तिकीट काढावें. संबंधाचा विचार करतां, वेरूळचीं लेणीं स्थूलमानानें इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांतील, तर पितळखोऱ्याचा आरंभ इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. केवळ वेरूळ पाहणाऱ्यास पितळखोरें पाहिल्यानें लेण्यांच्या परंपरेचा आरंभ कळेल. परंतु जो त्याच फेरींत अजिंठ्यास जाणार आहे, त्यास ९ व १० क्रमांकांचीं तितकींच प्राचीन चैत्यगृहें तेथेंच मिळतात. अशानें दिवस अपुरा असल्यास पितळखोरें पुढील खेपेस ठेवावें. त्यांत अनादर कांहीं नाहीं.

चौथें उदाहरण तेरचें, व तें सर्वांत कठीण. तुळजापुरास भवानीच्या दर्शनास जाणाऱ्यास धाराशिवावरून तेर दूर नाहीं. गोरोबाकाकांचें गांव म्हणून भाविक तेथें जातातहि. पण प्राचीन नगर पाहावयाचें म्हणून गेल्यास डोळ्यांपुढें येतात त्या मातीच्या टेकड्या. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेलें तगर नांवाचें मोठें नगर वर्णिलें असून तेथील कापड गाड्यांतून भडोचास जात असे. हें तगर कोठें, याविषयीं देवगिरि, जुन्नर, धारूर अशीं अनेक अनुमानें झालीं. १९०१ सालीं फ्लीट यानें तें तेर होय असें प्रतिपादन केलें व तेंच आज मान्य आहे. ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद शिलाहार राजे शतकानुशतकें मिरवीत होते, एवढी या नगराची आठवण टिकून होती.

तेव्हां टेकड्यांकडे पाहून काय मिळेल? एकट्या टेकड्यांवरून कांहींच नाहीं. पण गांवांतच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या आयुष्यभराच्या संग्रहावर उभें राहिलेलें शासकीय संग्रहालय आहे. मृण्मूर्ति, मणी, शंखाच्या वस्तु व हस्तिदंती स्त्रीमूर्ति तेथें पाहावयास मिळतात. १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं तेरच्या मूर्तीचें साम्य विद्वानांनीं दाखविलें आहे. त्रिविक्रमाचें विटांचें मंदिर हा येथील दुसरा विषय. त्याचा गाभा मागें अर्धवर्तुळाकार असून मूळचें तें बौद्ध चैत्यगृह असावें, असें मत कझिन्स यानें मांडलें. लेण्यांतून आपण डोंगरांत कोरलेलें चैत्यगृह पाहतों. तसेंच विटांनीं बांधलेलें उभें राहिलेलें दिसणें ही दुर्मिळ गोष्ट होय. म्हणून तेरला आधीं संग्रहालय, मग मंदिर व शेवटीं टेकड्या, असा क्रम ठेवावा. संग्रहालय बंद असेल त्या दिवशीं गोरोबाकाकांचें दर्शन घ्यावें. प्राचीन तगरासाठीं मात्र वाट वांकडी करूं नये. उघडें असेल तर अवश्य करावी.

या चार उदाहरणांवरून एक नियम निघतो. अवशेष किती मोठा किंवा किती जुना, यावर निर्णय अवलंबून नाहीं. मुख्य स्थळीं जें कळत नाहीं तें येथें कळतें काय, व कळण्याजोगी वस्तु अद्याप जागेवर आहे काय, हे दोन प्रश्न आधीं विचारावे. दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, तर आपली तयारी व प्रकृति पाहावी. एका बाबतींतहि मन साशंक असल्यास बेत पुढें ढकलावा, पण ‘तेथें कांहीं नाहीं’ असें दुसऱ्यास सांगूं नये. आपणांस दिसलें नाहीं आणि तेथें नाहीं, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शेवटीं एक कर्तव्य सांगणें अवश्य आहे. प्रसिद्ध स्थळीं पहारेकरी असतात. आडवाटेस बहुधा पाहणाराच पहारेकरी असतो. तेरच्या टेकडीवरील खापराचा तुकडा खिशांत घातला, कीं कोणत्या थरांतून तो आला हें सांगणारा पुरावा कायमचा गेला. नाणेघाटाच्या अक्षरांवर खडू किंवा पाणी लावून वाचूं पाहणें म्हणजे तीं अक्षरें पुढच्या वाचकापासून हिरावणें होय. खडक फुटलेला, लेख नव्यानें झिजलेला किंवा नांवें खरडलेलीं आढळल्यास तारीख घालून टिपण करावें व पुरातत्त्व खात्यास कळवावें. ज्याच्याकडून एवढें होईल, त्याचा दिवस वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं. आणि ज्याच्याकडून होणार नाहीं, त्यानें हमरस्त्यावरील स्थळेंच पाहावीं, हें त्याच्याहि व अवशेषांच्याहि हिताचें आहे.