विश्लेषण : बायबलमधील देवदूत नेमके कोण? पंख, रक्षण आणि समजुतींमागे काय?

अपघातग्रस्तांना बाहेर काढणारा ट्रकचालक, पुरात होडी घालणारा मच्छीमार किंवा मध्यरात्री धावून आलेला डॉक्टर यांच्याविषयीच्या बातमीत ‘देवदूत’ हा शब्द हमखास येतो. नाताळच्या नाटकांत पुठ्ठ्याचे पंख लावलेली मुले दिसतात, तर मोबाइलवर ‘एंजल नंबर’च्या रील्स फिरत असतात. या साऱ्या कल्पना थेट बायबलमधून आल्या असाव्यात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बायबलमधील देवदूत बराच वेगळा आहे. तो कोण, काय करतो आणि त्याच्याकडून कोणती हमी मिळत नाही, याविषयी...

‘देवदूत’ शब्दाचा मूळ अर्थ काय?

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्यात ‘मलाख’ हा शब्द येतो. नवा करार ग्रीक भाषेत असून त्यात ‘अँगेलोस’ हा शब्द आहे. दोन्हींचा अर्थ एकच : निरोप घेऊन जाणारा. हे शब्द साध्या माणसांसाठीही वापरले आहेत. याकोब आपला भाऊ एसाव याच्याकडे जी माणसे पाठवतो, तीही ‘मलाख’च. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूकडे धाडलेल्या माणसांनाही लूकच्या शुभवर्तमानात ‘अँगेलोस’ म्हटले आहे.

म्हणजे मुळात हे कामाचे नाव आहे. पुढे लॅटिन भाषांतरात स्वर्गीय दूतासाठी ‘अँजेलुस’ आणि मानवी दूतासाठी वेगळा शब्द वापरला गेला. त्यामुळे युरोपीय भाषांत ‘एंजल’ ही एक स्वतंत्र जमात झाली. मराठी बायबलमधील ‘देवदूत’ किंवा ‘परमेश्वराचा दूत’ या शब्दांत मात्र मूळ अर्थ शाबूत राहिला आहे. दूतापेक्षा त्याला पाठवणारा आणि त्याचा निरोप महत्त्वाचा, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

देवदूत प्रथम कोणाला भेटतो?

‘परमेश्वराचा दूत’ बायबलमध्ये पहिल्यांदा येतो तो उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायात. त्याची भेट कोणा राजाशी किंवा संदेष्ट्याशी होत नाही. मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली हागार ही गर्भवती मिसरी दासी रानातल्या झऱ्यापाशी असते. दूत तिला नावाने हाक मारतो आणि कुठून आलीस, कुठे निघालीस, असे विचारतो. तो तिला परत जायला सांगतो, हा कथेतला अवघड भाग आहे. पण होणाऱ्या मुलाचे नाव आणि त्याच्या वंशाचे भवितव्यही तो तिला सांगतो.

हाच धागा पुढेही दिसतो. राजांच्या पहिल्या पुस्तकात जिवावर बेतल्याने पळालेला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली मरण मागत झोपतो. दूत येतो, त्याला उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी भाकर आणि पाणी असते. दूत उपदेश करत नाही. एलीया पुन्हा झोपतो, तेव्हा दुसऱ्यांदा उठवून, पुढची वाट लांबची आहे म्हणून खाऊन घे, एवढेच सांगतो. येशूच्या जन्माची वार्ताही आधी मिळते ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

पंख कुठून आले?

बायबलमधील अनेक देवदूत दिसायला माणसांसारखेच आहेत. अब्राहामाकडे आलेले तिघे पाहुणे जेवतात. त्यांच्यापैकी दोघांना सदोमात लोट घरी नेतो, तेव्हा गावकऱ्यांना ते परगावचे पुरुषच वाटतात. याकोबाच्या स्वप्नात तर दूत शिडीने चढताना-उतरताना दिसतात. पाहुणचार करताना काहींनी नकळत देवदूतांचे स्वागत केले, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे, ते याच अर्थाने.

पंखांचे वर्णन आहे ते करूब आणि सराफीम यांच्याबाबत. यशयाच्या दर्शनातील सराफीमांना सहा पंख आहेत. यहेज्केलाला दिसलेल्या जीवांना चार पंख आणि माणूस, सिंह, बैल व गरुड अशी चार तोंडे आहेत. करूब एदेन बागेची वाट राखतात. कराराच्या कोशावर त्यांच्या सोन्याच्या प्रतिमा होत्या. त्यांत गोंडस असे काही नाही.

रोममधील प्रिसिलाच्या भुयारी कब्रस्तानातील जुन्या भित्तिचित्रात मरीयेला निरोप सांगणारी आकृती बिनपंखांची आहे. ख्रिस्ती चित्रकलेत पंख रूढ झाले ते चौथ्या शतकाच्या अखेरीपासून. गुबगुबीत बालदूतांची लोकप्रियता युरोपीय प्रबोधनकाळातली. राफाएल या चित्रकाराच्या ‘सिस्टीन मॅडोना’मधील हनुवटीला हात लावून बसलेली दोन बाळे आजही शुभेच्छापत्रांवर दिसतात. बायबलमध्ये मात्र दूत दिसताच माणसे धास्तावतात. म्हणूनच जखऱ्या, मरीया आणि मेंढपाळ या तिघांनाही दूत आधी घाबरू नका, असे सांगतो.

किती देवदूतांची नावे आहेत?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या सर्वांना मान्य असलेल्या ग्रंथांत देवाच्या सेवेतील दोनच दूतांची नावे येतात : गब्रीएल आणि मीखाएल. गब्रीएल दानीएलाला दर्शनाचा अर्थ सांगतो आणि मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता देतो. मीखाएल हा लढणारा दूत. मुंबईत माहीमचे सेंट मायकल चर्च त्याच्याच नावाने ओळखले जाते. तिथली बुधवारची प्रसिद्ध नोव्हेना मात्र मरीयेची आहे. राफाएलाचे नाव टोबीतच्या पुस्तकात येते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये ते पुस्तक आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. कॅथलिक चर्च या तिघांचा सण २९ सप्टेंबरला पाळते.

देवदूतांच्या नऊ श्रेणींची प्रसिद्ध मांडणी बायबलमध्ये नाही. त्यांतील काही नावे पौलाच्या पत्रांत आहेत, पण उतरंड रचली ती नंतरच्या लेखकांनी. ‘आद्यदूत’ हा शब्दही नव्या करारात फक्त दोनदा येतो आणि गब्रीएलासाठी तो वापरलेलाच नाही.

सैतान हा पतित देवदूत आहे का?

ख्रिस्ती परंपरा तसे मानते, पण ही कथा बायबलमध्ये एका जागी सलग सांगितलेली नाही. पाप करणाऱ्या दूतांचा उल्लेख पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात आहे. मीखाएल आणि अजगर यांची लढाई प्रकटीकरणात आहे. ‘ल्युसिफर’ हे नाव यशयाच्या १४ व्या अध्यायाच्या लॅटिन भाषांतरातून आले. मूळ अध्याय बाबेलच्या राजाला उद्देशून आहे.

प्रत्येकाला रक्षक देवदूत असतो का?

लहानांना तुच्छ लेखू नका, त्यांचे दूत स्वर्गात नेहमी पित्यासमोर असतात, असे येशू सांगतो. देव आपल्या दूतांना तुझे रक्षण करण्याची आज्ञा देईल, असा भाव ९१ व्या स्तोत्रात आहे. या आधारावर प्रत्येक विश्वासणाऱ्याला रक्षक दूत असतो, असे कॅथलिक चर्च शिकवते. २ ऑक्टोबरला रक्षक दूतांचा सणही असतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी मात्र प्रत्येकाला एकेक दूत नेमलेला असल्याचे ठामपणे सांगण्याचे टाळले.

याच ९१ व्या स्तोत्राचा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान देतो. मंदिराच्या टोकावरून उडी मार, दूत तुला झेलतील, असे तो येशूला सुचवतो. येशू नकार देतो. रक्षणाचे वचन देवाची परीक्षा घेण्यासाठी वापरायचे नाही, असे त्याचे म्हणणे.

पेत्र सुटला, मग याकोब का नाही?

हा प्रश्न कोणत्याही रुग्णालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाचाही असतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या १२ व्या अध्यायात तो उघडपणे समोर येतो. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि मग पेत्राला पकडतो. दोन शिपायांमध्ये साखळ्यांनी बांधलेल्या पेत्राला रात्री दूत उठवतो. साखळ्या गळतात, दार आपोआप उघडते. एक रस्ता पार होईपर्यंत दूत सोबत असतो, मग निघून जातो. मित्रांच्या घरापर्यंतची वाट पेत्राला एकट्याने शोधावी लागते. याकोबासाठी दूत का आला नाही, याचे कोणतेही कारण हा अध्याय देत नाही. याकोबाचा विश्वास कमी पडला, असेही म्हणत नाही.

दानीएलाच्या पुस्तकात आगीच्या भट्टीत टाकले जाण्यापूर्वी तिघे तरुण राजाला सांगतात, की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. दूत येतो तो नंतर. स्वतः येशूही अटकेच्या वेळी म्हणतो, की मागितले तर दूतांच्या बारा पलटणी येतील. तो मागत नाही. गेथशेमानेत त्याला धीर द्यायला दूत येतो, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. काही प्राचीन हस्तलिखितांत हा मजकूर आढळत नाही. दूत आला तरी वधस्तंभ टळत नाही. संकटात दूत आला नाही म्हणजे देवाने पाठ फिरवली, असा निष्कर्ष बायबलमधून काढता येत नाही.

मृत्यूनंतर माणूस देवदूत होतो का?

लहान मूल गेल्यावर ते देवदूत झाले, असे सांत्वन केले जाते. त्यामागची माया खरी असली, तरी बायबल तसे सांगत नाही. दूत आणि माणसे या वेगवेगळ्या निर्मिती आहेत. पुनरुत्थानानंतर लोक दूतांसारखे असतील, असे येशू म्हणतो, पण तो प्रश्न लग्नाविषयीचा आहे. तिथे विवाह नसतील, एवढाच मुद्दा. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानाची आहे. गेलेले माणूस दुसरेच काही न होता तेच माणूस म्हणून पुन्हा उठेल, अशी ती आशा. येशूच्या एका दाखल्यात दारिद्र्यात मेलेल्या लाजराला देवदूत अब्राहामाजवळ नेतात. तिथेही लाजर हा लाजरच राहतो.

देवदूतांची उपासना चालते का?

नाही. पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात दूतांच्या उपासनेविरुद्ध बजावतो. कलस्सैजवळच्याच लाओदिकीया येथील चौथ्या शतकातील धर्मसभेलाही तोच इशारा द्यावा लागला. सन ७४५ मध्ये पोप झकारिया यांच्या काळात रोममधील सभेने बायबलबाहेरच्या नावांनी दूतांचा धावा करण्याला मनाई केली. आपल्या रक्षक दूताला स्वतःच नाव ठेवण्याची प्रथा टाळावी, असे व्हॅटिकनच्या २००१ मधील मार्गदर्शिकेतही म्हटले आहे. मीखाएल, गब्रीएल आणि राफाएलाकडे मध्यस्थीची प्रार्थना करणे कॅथलिक परंपरेत मान्य आहे, पण ती उपासना मानली जात नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सहसा अशी प्रार्थनाही होत नाही. घड्याळात ११:११ दिसले म्हणजे दूताचा संकेत, या समजुतीला तर बायबलमध्ये कोणताच आधार नाही.

बायबलच्या शेवटच्या अध्यायात दर्शने दाखवणाऱ्या दूताच्या पाया पडायला योहान वाकतो. दूत त्याला थांबवतो. मीही तुझ्यासारखा सेवकच आहे, नमन देवाला कर, असे तो सांगतो.