घराण्यात उतरणारा रातांधळेपणा : एक मागोवा

बुलढाण्यासह पश्चिम विदर्भात, दिवेलागणीनंतर दिसेनासे होण्याला रातांधळेपणा म्हणतात, आणि १९७० मध्ये लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर त्याचे कारण आहारात शोधले जाणे स्वाभाविक होते. तथापि डोस देऊनही न हटणारा, भावंडांपैकी दोघा-तिघांना गाठणारा आणि वयाबरोबर वाढत जाणारा रातांधळेपणा निराळा असतो. त्याचे मूळ डोळ्याच्या पडद्यातील, म्हणजे दृष्टिपटलातील, पेशींच्या जनुकीय दोषात असते.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण सिद्ध केले आणि त्याच दशकात डोंडर्स यांनी या विकाराला ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ हे नाव दिले. पडद्याच्या कडेकडेने फाटे फुटलेले काळे डाग, बारीक झालेल्या रक्तवाहिन्या आणि नेत्रचेतेची फिकट पडलेली चकती, ही त्याची खूण आजही तपासणीत प्रथम शोधली जाते. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी आधी मरतात, म्हणून रात्रीची दृष्टी जाते. मग दृष्टिक्षेत्र कडांकडून आक्रसत येते, आणि समोरच्याचा चेहरा नीट ओळखणारा माणूस पायाशी ठेवलेल्या घागरीला ठेचकाळतो. घरच्यांना हे वेंधळेपण किंवा सोंग वाटते, हे या रोगाचे सर्वांत क्रूर अंग होय.

इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीची नोंद केली आहे. या रोगाच्या अनेक प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आले तरच रोग प्रकटतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. मात्र नात्यात लग्न न झालेल्या घरांतही हा रोग आढळतो, त्यामुळे दोष एकट्या सुनेच्या माथी मारण्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळील खेड्यांत तिशी ओलांडलेल्या ४,७११ जणांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ७५० माणसांमागे एक रुग्ण आढळला. जगभरात सामान्यतः ४,००० मागे एक हे प्रमाण सांगितले जाते. आढळलेले रुग्ण मोजकेच असल्याने हा आकडा जपून वापरावा लागेल, तरी विदर्भात हा रोग दुर्मीळ मानून सोडून देण्याजोगा नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

१९९० मध्ये ऱ्होडॉप्सिन जनुकातील दोष सापडला, आणि १९९७ मध्ये लेबर यांनी १८६९ साली वर्णिलेल्या जन्मजात अंधत्वाशी आरपीई ६५ या जनुकाचा संबंध जुळला. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर निरोगी जनुक चढवून ते पडद्याखाली टोचण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरली, आणि तो केवळ याच जनुकात दोष असलेल्यांना, तेही पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असतील तरच, लागू पडतो. रेटिनायटिस पिगमेंटोसाशी जोडलेली जनुके मात्र ८० हून अधिक आहेत.

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातील रुग्णाला त्याआधीही हाताशी असलेला आधार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा आहे, कारण दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असले तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी असले तर अंधत्व, असे तो मानतो; म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या रुग्णाचेही दृष्टिक्षेत्र मोजल्यावाचून त्याचा प्रमाणपत्राचा अर्ज फेटाळता कामा नये.