पोटातला गोळा आणि आतड्याचा टीबी

पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, दोन दिवसांत शौचाला झालं नाही की वारा सरला नाही. असा पेशंट आला की सर्जन मागच्या काही महिन्यांची चौकशी करतो. जेवल्यावर कळ येऊन पोटात गोळा फिरायचा का? गुडगुडून वारा सरला की बरं वाटायचं का? वजन उतरलं, संध्याकाळी कणकण यायची? उत्तरं होकारार्थी आली, की आपल्याकडे आतड्याचा टीबी मनात धरावाच लागतो. तोवर बहुतेकांनी गॅसच्या गोळ्यांच्या पट्ट्या संपवलेल्या असतात.

जंतू पोटात येतो तो गिळलेल्या थुंकीतून, रक्तातून, कधी कच्च्या दुधातून. लहान आतडं मोठ्याला जिथे मिळतं, तिथे त्याचा मुक्काम जास्त. अन्न तिथे रेंगाळतं आणि लसिका-पेशींचे पुंजकेही दाटीने असतात.

पुढचं बरंच काही व्रणाच्या दिशेवर ठरतं. भिंतीतल्या लसिकावाहिन्या आतड्याला वेढा घालून जातात आणि टीबीचा व्रण त्यांच्याच वाटेने आडवा पसरतो. (टायफॉइडचा उभा असतो.) आडवा व्रण भरताना आकसतो आणि पायजम्याची नाडी ओढावी तसं आतडं आवळलं जातं. पातळ पदार्थ कसेबसे निभतात; एखाद्या दिवशी फळाची बी किंवा न चावलेला घास अडकतो आणि वाट पूर्ण बंद होते. औषधांनी व्रण भरत असतानाही हे आवळणं वाढू शकतं. म्हणून उपचार चालू असताना पोट पुन्हा दुखू लागलं, की औषध लागू पडत नाही असं लगेच ठरवू नये.

अडथळ्याच्या वरचं आतडं फुगून ताणतं आणि तिथला व्रण फुटू शकतो. फुटण्याचे प्रसंग त्यामानाने कमी, कारण जुन्या आजारात भिंत जाड झालेली आणि आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत अडथळा हवा-पाण्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो, तर फुटलेलं आतडं बहुधा श्वासपटलाखाली हवेची काळी कोर दाखवतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला म्हणून टीबी नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

प्रत्येक अडथळ्याला ऑपरेशन लागत नाही. उपाशी ठेवून, नाकातून नळी आणि सलाईन लावून अर्धवट अडथळा पुष्कळदा सुटतो. पोट उघडलंच, तर आतड्यांवर आणि पोटाच्या आवरणावर पांढरे दाणे आणि सुजलेल्या गाठी दिसतात. एखादी आखूड अरुंद जागा उभी चिरून आडवी शिवली, की वाट रुंद होते. अशा जागा जवळजवळ असतील तर तेवढा भाग काढतात. आतडं फुटून पू झाला असेल आणि पेशंट हाडं दिसण्याइतका खंगलेला असेल, तर जोड टिकण्याचा भरवसा नसतो. मग आतड्याचं टोक पोटावर काढून पिशवी लावतात आणि प्रकृती सुधारल्यावर, काही महिन्यांनी, ते परत जोडतात.

काढलेला सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकला तर कल्चर होत नाही, कारण जंतू मरतात. म्हणून एक तुकडा वा गाठ साध्या सलाईनमध्ये वेगळी द्यावी लागते. कुठलं औषध लागू पडेल, हे त्याच्या कल्चरवरून कळतं. ऑपरेशनने आवळलेली जागा सुटली तरी टीबी शरीरात राहतोच. त्यासाठी साधारण 6 महिन्यांचा कोर्स असतो: पहिले 2 महिने चार औषधं, नंतर 4 महिने तीन. टीबीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, म्हणजे निक्षयवर, नोंद झालेल्या पेशंटला या काळात आहारासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात.