अंतराळातला सांधा

आमच्या प्रयोगशाळेत एकदा परदेशी निर्वात पंप आला. त्याचे आटे इंचातले, आमच्या नळ्यांचे मिलिमीटरमधले. पंप तीन आठवडे पडून राहिला. शेवटी लेथवर एक पितळी जोडतुकडा कातून घेतला, तेव्हा काम सुरू झाले. अंतराळ स्थानक बांधताना अडचण हीच असते. फक्त तेथे लेथ हाताशी नसतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा ‘झार्या’ हा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी कक्षेत गेला. तो बांधला मॉस्कोच्या ख्रुनिचेव्ह कारखान्याने. पैसे मात्र अमेरिकेचे, बोइंग कंपनीमार्फत दिलेले. डिसेंबरमध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अमेरिकी ‘युनिटी’ वर नेला. जमिनीवर कधीच न जुळवलेले हे दोन भाग एका शंकूसारख्या जोडतुकड्याने जोडले गेले. त्याच्या झार्याकडील तोंडाला रशियन रचनेचे कडे होते.

या कड्याचे मूळ १९७५ च्या अपोलो-सोयुझ भेटीत आहे. त्यापूर्वी एका यानाला दांडा आणि दुसऱ्याला खोबण असे. दोन दांडेवाली याने एकमेकांना जोडता येत नसत, मग संकटात मदतीला जाणार कोण? व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह यांच्या रचनेत दोन्ही बाजू सारख्याच ठेवल्या. प्रत्येकीला एक कडे आणि तीन पाकळ्या. एकीच्या पाकळ्या दुसरीच्या फटींत बसतात. कोणत्या देशाने कोणती बाजू घ्यायची, हा मानापमानही त्यामुळे टळला!

सांधा केवळ धातूचा नसतो. स्थानकाच्या रशियन भागात वीज २८ व्होल्टची, अमेरिकी भागात सुमारे १२० व्होल्टची. मध्ये परिवर्तक बसवावे लागले. तेवढीच शक्ती न्यायला १२० व्होल्टवर विद्युतप्रवाह सव्वाचार पटींनी कमी लागतो, आणि त्याच तारेत उष्णतेने होणारा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे अठरा पटींनी घटतो. दहावीच्या वर्गात हे गणित जरूर घालून पाहावे.

युरोपची ‘एटीव्ही’ ही मालवाहू याने २००८ ते २०१४ या काळात पाच वेळा गेली, तीही रशियन जोडणीयंत्रणा लावूनच. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही विरळ हवेच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येते. एटीव्ही मागच्या तोंडाला जोडून आपली इंजिने चालवी आणि सगळे स्थानक वर ढकली. तो सारा रेटा त्या एका सांध्यातूनच जाई.