अणुवीज, पाणी आणि आपली जाळी

बेल्लमपल्ली म्हणजे कोळसा, हे कुणाला सांगायला नको. मग आपल्या मच्छीमारांच्या पेजवर अणुविजेचं काय काम? काम आहे. 2047 पर्यंत देशात 100 गिगावॅट अणुवीज करायचं सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केलंय. आज ती 9 गिगावॅटच्या आसपास आहे. म्हणजे नवीन जागा लागणार, आणि ती जागा पाण्याजवळच लागणार.

आधी फायदा बघू. अणुभट्टीला धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत. थोड्या इंधनात रात्रंदिवस वीज मिळते, ऊन-वाऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही. बर्फाचा कारखाना आणि शीतगृह चालवणाऱ्याला याची किंमत कळते. तेलंगणाचाही यात वाटा आहे. इंधन हैदराबादला तयार होतं आणि गोदावरीकाठी मणुगुरूला जड पाणी बनतं, तेही कोळशाच्या जोरावर.

आता अडचण. भट्टीतल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो, बाकीची उष्णता पाण्यात किंवा हवेत सोडावी लागते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पाणी आत ओढताना अंडी आणि बारीक पिल्लंही ओढली जातात. कोळशाचं केंद्रही पाणी तापवतं, हे खरं. पण अणुकेंद्रात किरणोत्सारी कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो.

हा प्रश्न फक्त समुद्राचा आहे असं समजू नका. काक्रापार तापीच्या पाण्यावर, कैगा काळी नदीवर, रावतभाटा चंबळच्या धरणावर चालतं. तारापूर 1969 पासून वीज देतंय, पण पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जैतापूरला 9,900 मेगावॅटचा प्रकल्प ठरला. एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्याच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला.

फुकुशिमाचा धडा वेगळा आहे. 2011 च्या अपघातानंतर तिथली मासेमारी थांबली. 2023 मध्ये प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात होताच चीनने जपानी मासळी घेणं बंद केलं. मासळी चांगली असली तरी गिऱ्हाइकाचा भरवसा उडाला की भाव गेलाच.

आमचं मत असं. वीज हवी, पण हिशोब आधी. जमीन गेली तर पट्टा दाखवता येतो. पाण्याचा पट्टा कुणाच्या नावावर नसतो, म्हणून नुकसानीच्या यादीत आपण शेवटी येतो, नाहीतर येतच नाही. तेव्हा परवाना, बोटीचे कागद, मासळी विकल्याची पावती जपून ठेवा. रोज किती मासळी आली ते वहीत लिहा. प्रकल्प अणूचा असो, कोळशाचा असो की धरणाचा, उद्या साहेब विचारतील, "तुमचं किती गेलं?" तेव्हा ती वहीच आपल्यासाठी बोलेल.